गेमिंग कन्सोलसाठी घरचं वायफाय : कुलूप न काढता

भाच्याने नवा कन्सोल आणला त्या संध्याकाळी मी सोफ्यामागे पालथा पडून, मोबाइलच्या टॉर्चच्या उजेडात राउटरच्या बुडाखालचं स्टिकर वाचत होतो. सोळा अक्षरांचा पासवर्ड. त्यात एक उभी रेघ होती. ती लहान एल, मोठा आय की एकचा आकडा, कळायला मार्ग नव्हता. मी ओरडून सांगायचो, तो कंट्रोलरने पडद्यावरच्या कीबोर्डवर एकेक अक्षर गाठायचा, आणि शेवटी 'पासवर्ड चुकीचा'. चौथ्या खेपेला जमलं. खेळ सुरू झाला, तर मित्रांना याचा आवाजच ऐकू जाईना. एका मित्राने फोनवर तोडगा सांगितला, "राउटरची फायरवॉल बंद कर, डीएमझेड चालू कर, लगेच होतं." फायरवॉल म्हणजे बाहेरून न मागता येणारं अडवणारा राउटरचा पहारा; डीएमझेड म्हणजे ते सगळं घरातल्या एका उपकरणाकडे सोडून देणं.

लगेच होतं हे खरं आहे. दार बिजागरीतून काढून ठेवलं की ये-जा सोपी होतेच. पण त्या दाराच्या आत घरातले सगळे फोन, लॅपटॉप आणि कॅमेरेही असतात. एका खेळासाठी त्या सगळ्यांचं कुलूप काढायची गरज नसते. दोन्ही अडचणी कुलूप जागेवर ठेवून सुटतात. कसं, ते पहिल्यापासून सांगतो.

आधी राउटर, कन्सोल नंतर

कन्सोल खोक्यातच राहू द्या. पहिला अर्धा तास राउटरला द्या.

नवख्यांचा नेहमी होणारा घोळ म्हणजे राउटरचे दोन पासवर्ड. एक वायफायचा, जो आपण पाहुण्यांना सांगतो. दुसरा राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा, जो बहुतेकांनी आयुष्यात कधी बदललेला नसतो. वायफायचा पासवर्ड कितीही भारी ठेवला आणि दुसरा कारखान्यातून आला तसाच 'ॲडमिन' राहिला, तर घरात एकदा शिरलेला कुणीही राउटरचा मालक होतो. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर असेच काबीज केले. कारखान्यातून येणाऱ्या नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्या एकामागून एक लावून पाहायच्या, एवढंच त्याचं तंत्र होतं.

लॅपटॉप किंवा फोन घरच्या वायफायला जोडा आणि ब्राउझरच्या पत्त्याच्या जागी राउटरचा पत्ता टाका. बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, स्टिकरवर लिहिलेला असतोच. हल्ली बऱ्याच राउटरना स्वतःचं ॲप असतं, तेही चालेल. आत गेल्यावर सगळ्यात आधी ॲडमिनचा पासवर्ड बदला आणि कागदावर लिहून राउटरजवळच्या कपाटात ठेवा. कागदावर लिहू नये वगैरे ऐकलं असेल, पण इथे भीती बाहेरच्यांची आहे. कपाटात हात घालणारा चोर तुमच्या राउटरसाठी येत नाही.

तिथेच असताना फर्मवेअरचं, म्हणजे राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचं, अपडेट पाहा आणि ते आपोआप होण्याची सोय असेल तर चालू करा. 'रिमोट मॅनेजमेंट' नावाची सोय बंद असल्याची खात्री करा. ती चालू असली की राउटरचं सेटिंगचं पान बाहेरच्या इंटरनेटवरूनही उघडतं, आणि घरगुती वापरात त्याचा फायदा मला तरी आजवर सापडलेला नाही.

मग डब्ल्यूपीएस. पासवर्ड न टाकता जोडणी करून देणारी ही सोय. तिचा एक प्रकार आठ आकडी पिनचा असतो. आठवा आकडा पहिल्या सातांवरून ठरतो, म्हणजे शक्यता एक कोटी. ऐकायला बरं वाटतं. पण राउटर पिनचे पहिले चार आकडे वेगळे तपासतो आणि उरलेले वेगळे, आणि पहिला भाग चुकला की तसं कळवतोही. त्यामुळे फार तर १०,००० अधिक १,००० असे ११,००० प्रयत्न पुरतात. हे २०११ च्या अखेरीस जगजाहीर झालं. बटण दाबून जोडायचा प्रकार त्या मानाने बरा, कारण ती खिडकी दोनच मिनिटं उघडी असते. काही कन्सोलवर ही बटणाची सोय आहे. मी मात्र डब्ल्यूपीएस सरसकट बंदच ठेवतो.

कुलूप कुठलं लावायचं

वायरलेसच्या पानावर 'सिक्युरिटी' या नावाखाली यादी दिसेल. डब्ल्यूईपी हे १९९७ मधलं कुलूप. २००१ पर्यंत ते फुटलेलं होतं आणि आज साध्या लॅपटॉपवर काही मिनिटांत उघडतं. डब्ल्यूपीए ही २००३ ची तात्पुरती डागडुजी. डब्ल्यूपीए२ २००४ मध्ये आलं, डब्ल्यूपीए३ २०१८ मध्ये. आजच्या घरासाठी उत्तर सरळ आहे: यादीत डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ यांचा मिश्र पर्याय असेल तर तो घ्या. तो नसेल, किंवा कन्सोल त्यावर अडखळत असेल, तर डब्ल्यूपीए२ आणि त्यासोबत एईएस ही सांकेतिकरणाची पद्धत. 'टीकेआयपी' असं कुठे दिसलं तर ते टाळा. तो जुना प्रकार आहे आणि त्याने वेगही पडतो.

कपाटातून एखादा जुना हातातला कन्सोल निघाला तर गंमत होते. पहिल्या निन्टेंडो डीएसला डब्ल्यूईपीच्या पुढचं काहीच कळत नाही. तो चालावा म्हणून घरभराचं कुलूप १९९७ वर नेणारे लोक मी पाहिलेत. तसं करू नका. डीएसची अधिकृत ऑनलाइन सेवा मे २०१४ मध्येच बंद झाली आहे, त्यामुळे एवढं करून हाती फारसं लागतही नाही.

वायफायचं नाव लपवावं का, आणि ठरावीक मॅक पत्त्यांनाच (म्हणजे प्रत्येक उपकरणाच्या स्वतःच्या ओळख-क्रमांकांनाच) आत घ्यावं का, असं हमखास विचारतात. दोन्हींचा सुरक्षेला फारसा उपयोग नाही. लपवलेलं नाव जोडलेली उपकरणंच हवेत उच्चारत असतात, आणि मॅक पत्ता तर उघड्यावरच जातो. ऐकणारा तो उचलून स्वतःला लावून घेतो. शिवाय नाव लपवलं की कन्सोलवर ते हाताने टाकण्याची पीडा वाढते. एक मात्र करा. वायफायच्या नावात आडनाव किंवा घराचा नंबर ठेवू नका.

कंट्रोलरने टाकता येईल असा पासवर्ड

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सुरक्षा बहुतेक घरांत याच ठिकाणी सैल होते. पडद्यावरच्या कीबोर्डवर मोठं अक्षर हवं असेल तर आधी शिफ्ट, चिन्ह हवं असेल तर दुसरं पान, आणि प्रत्येक अक्षरापर्यंत बाणाने प्रवास. दोनदा चुकलं की माणूस वैतागतो आणि पासवर्ड 'एक ते आठ' करून मोकळा होतो.

डब्ल्यूपीए२ चा पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा असू शकतो. या लांबीचा फायदा घ्या. चिन्हांची भेळ करण्यापेक्षा एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन लिपीत, सगळे लहान अक्षरांत, सलग लिहा. समजा पायरी, कंदील, घोरपड, उसासा, तिरका. पंचवीस-तीस अक्षरं सहज होतात. शिफ्ट लागत नाही, फोनवरून सांगायला सोपं, आणि अंदाजाने शोधायला महाकठीण. अट एकच: शब्द खरोखर कसेही उचललेले हवेत. पुस्तक डोळे मिटून उघडा आणि बोट ठेवा. म्हण, गाण्याची ओळ किंवा मुलांची नावं नकोत. आणि वर दिलेले पाच तर आता मुळीच नकोत.

शब्द निवडताना ज्यांचं रोमन स्पेलिंग दोन प्रकारे होऊ शकतं असे टाळा. 'वाऱ्यावर' हा शब्द मी एकदा ठेवला होता. घरातल्या चौघांनी तो चार प्रकारे लिहिला.

टाकताना अजून एक सोय आहे, जी कित्येकांच्या लक्षातच येत नाही. संगणकाचा साधा यूएसबी कीबोर्ड कन्सोलला लावा. प्लेस्टेशन ५, एक्सबॉक्स आणि डॉकमध्ये (टीव्हीला जोडणाऱ्या बैठकीत) बसवलेला निन्टेंडो स्विच, तिन्हींवर तो चालतो. सोफ्यामागून ओरडण्याचा कार्यक्रम टळतो.

२.४ की ५ गिगाहर्ट्झ

राउटर बहुधा दोन पट्ट्यांवर बोलतो. २.४ गिगाहर्ट्झ लांब पोचतो, भिंती ओलांडतो, पण तिथे गर्दी असते: शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह. ५ गिगाहर्ट्झ वेगवान आणि मोकळा, पण दोन भिंतींनंतर दम सोडतो. कन्सोल आणि राउटर एकाच खोलीत किंवा लगतच्या खोल्यांत असतील तर डोळे मिटून ५.

नेटवर्कच्या यादीत ५ गिगाहर्ट्झचं नाव दिसतच नसेल तर आधी कन्सोलचं वय पाहा. २०१३ चा पहिला प्लेस्टेशन ४ फक्त २.४ ओळखतो, ५ ची सोय २०१६ च्या स्लिम आणि प्रो या आवृत्त्यांपासून आली. प्लेस्टेशन ३ आणि निन्टेंडोचा वी यांनाही फक्त २.४. पहिल्या एक्सबॉक्स ३६० मध्ये तर वायफाय अंगचं नव्हतंच, वेगळा अडॅप्टर लावावा लागे. स्विच, प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्सच्या सिरीज एक्स व एस यांना दोन्ही पट्टे चालतात. कन्सोल नवा असूनही नाव दिसत नसेल तर राउटरचं ५ गिगाहर्ट्झचं चॅनल ३६ ते ४८ पैकी एक ठेवून पाहा. ५२ ते १४४ ही चॅनलं रडारसोबत वाटून वापरायची असतात. रडारची चाहूल लागली की राउटरला ती सोडावी लागतात, आणि ऐन सामन्यात कनेक्शन तुटतं. २.४ वरच राहायची वेळ आली तर १, ६ आणि ११ यांपैकी जिथे गर्दी कमी ते चॅनल घ्या. मधली चॅनलं शेजारच्या दोघांनाही धडकतात.

एक आडवळणाचं कारण सांगतो, कारण यात माझे दोन रविवार गेले. कन्सोलमागे लावलेली यूएसबी ३ ची हार्ड डिस्क आणि तिची केबल २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट करतात. वायफाय अधूनमधून गळपटतं, कंट्रोलरही उशिरा ऐकतो, आणि आपण बिचाऱ्या राउटरला शिव्या देत बसतो. डिस्क लांब केबलने फूटभर बाजूला सरकवली आणि सगळं सुतासारखं सरळ झालं.

राउटर टीव्हीच्या पाठीमागे किंवा लोखंडी कपाटात कोंबू नका. उघड्यावर, जरा उंचावर ठेवा. आणि केबल टाकणं शक्य असेल तर वायफायचा हा सगळा खटाटोप सोडून केबलच टाका. वायफायवर लेख लिहितोय म्हणून हे लपवणार नाही. मूळच्या स्विचच्या डॉकला लॅनची, म्हणजे नेटवर्क केबलची, जागा नाही, त्याला यूएसबीचा लॅन अडॅप्टर लागतो. ओलेड आवृत्तीच्या डॉकला ती आहे.

आता कन्सोल

हा भाग खरं तर सगळ्यात छोटा. प्लेस्टेशन ५ वर सेटिंग्ज, नेटवर्क, त्यात पुन्हा सेटिंग्ज आणि मग 'सेट अप इंटरनेट कनेक्शन'. एक्सबॉक्सवर सेटिंग्ज, जनरल, 'नेटवर्क सेटिंग्ज'. स्विचवर 'सिस्टिम सेटिंग्ज', मग 'इंटरनेट'. यादीतून आपलं नाव निवडा, पासवर्ड टाका, आणि तिथेच असलेली जोडणीची चाचणी चालवा.

चाचणीत डाउनलोडचा वेग दिसतो आणि सगळे त्यालाच भुलतात. ऑनलाइन खेळताना डेटा फारच थोडा जातो-येतो. तिथे महत्त्व पिंगला, म्हणजे गेलेला निरोप परत यायला किती मिलिसेकंद लागतात याला. वेग लागतो तो खेळ उतरवताना. १०० जीबीचा खेळ ५० एमबीपीएसच्या लाइनवर उतरायला साडेचार तासांच्या आसपास लागतात, तेही घरात दुसरं कुणी काही पाहत नसेल तर. म्हणून मोठी डाउनलोडं रात्री लावा. सामना चालू असताना कुणाचा फोन फोटोंचा बॅकअप घेत असेल तर पिंग उडतो. राउटरमध्ये 'क्यूओएस', म्हणजे कुणाचा डेटा आधी सोडायचा हे ठरवायची सोय, असेल तर कन्सोलला प्राधान्य द्या.

एनएटी : जिथे लोक कुलूप काढतात

चाचणीत 'एनएटी टाइप' अशी एक ओळ असते. प्लेस्टेशनवर १, २, ३; एक्सबॉक्सवर ओपन, मॉडरेट, स्ट्रिक्ट; स्विचवर ए पासून पुढे अक्षरं. भाच्याच्या पडद्यावर शेवटचा, म्हणजे सगळ्यात अडवणारा, प्रकार दिसत होता.

घरातली सगळी उपकरणं बाहेर एकाच पत्त्याने वावरतात; ही पत्त्यांची अदलाबदल म्हणजेच एनएटी. आतून कुणी काही मागवलं तर राउटर उत्तर बरोबर त्याच्याकडे पोचवतो. पण न मागता कुणी बाहेरून दार वाजवलं, तर कुणाला हाक मारायची हे त्याला ठाऊक नसतं, म्हणून तो दार उघडत नाही. हे वागणं चांगलंच आहे. पण पार्टीतल्या (मित्रांच्या ऑनलाइन गटातल्या) गप्पा आणि काही खेळ थेट कन्सोल ते कन्सोल बोलतात, आणि तिथे नेमकं हेच आडवं येतं. प्लेस्टेशनवर २ आणि एक्सबॉक्सवर ओपन दिसत असेल तर पुढचं काही करू नका. १ च्या हव्यासाला पडू नका. कन्सोल थेट इंटरनेटला जोडला तर १ दिसतो.

अडलंच तर या क्रमाने जा.

पहिलं, राउटरमध्ये यूपीएनपी चालू आहे का पाहा. कन्सोल यातून राउटरला सांगतो की मला अमुक पोर्ट (आत येण्याचं क्रमांक दिलेलं छोटं दार) हवा, आणि राउटर तेवढाच उघडतो. यातला धोका असा की ही विनंती घरातलं कुठलंही उपकरण करू शकतं, आणि राउटर तुम्हाला विचारत नाही. घरात अनोळखी बनावटीचे स्वस्त कॅमेरे, स्मार्ट प्लग वगैरे असतील तर यूपीएनपी बंद ठेवून पुढचा मार्ग धरा. नसतील, किंवा घरात दोन कन्सोल असतील, तर चालू ठेवा. पण महिन्यातून एकदा राउटरमधली यूपीएनपीची यादी उघडून कुणी काय उघडलंय ते बघा. बदल केल्यावर कन्सोल झोपेतून उठवून भागत नाही, तो पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा.

दुसरं, पोर्ट फॉरवर्डिंग. आधी 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' मध्ये जाऊन कन्सोलला घरातला पत्ता कायमचा बांधून द्या, नाहीतर पुढचं सगळं वाया जातं. मग लागणारेच पोर्ट त्या पत्त्याकडे वळवा. यूडीपी आणि टीसीपी हे डेटा पाठवण्याचे दोन प्रकार, राउटर पोर्टसोबत तेही विचारतो. एक्सबॉक्सला मुख्य म्हणजे ३०७४, यूडीपी आणि टीसीपी दोन्ही. प्लेस्टेशनला टीसीपीचे १९३५ आणि ३४७८ ते ३४८०, यूडीपीचे ३४७८ आणि ३४७९. एक पोर्ट एका वेळी एकाच उपकरणाकडे जातो, म्हणूनच दोन कन्सोलच्या घरात मी यूपीएनपी सुचवलं.

तिसरं, या दोन्हींनी जमलं नाही तर दोष बहुधा तुमच्या राउटरच्याही पलीकडे असतो. राउटरच्या पानावर त्याचा बाहेरचा पत्ता, म्हणजे 'वॅन आयपी' पाहा. तो १९२.१६८ ने किंवा '१०.' ने (दहा आणि लगेच टिंब) सुरू होत असेल तर बहुधा इंटरनेट कंपनीचं डबडं आणि तुमचा राउटर, दोघंही एकाच वेळी राउटरगिरी करताहेत. एकाला 'ब्रिज मोड' मध्ये टाका, म्हणजे तो राउटरगिरी सोडून नुसता डेटा पुढे पाठवेल. पत्ता १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान असेल तर कंपनी अनेक ग्राहकांना एकाच पत्त्यावर चालवते आहे. अशा वेळी घरात कितीही पोर्ट उघडा, काही होणार नाही. कंपनीकडे वेगळा सार्वजनिक पत्ता मागा. एक्सबॉक्स असेल तर आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) चालू करून घ्या, त्यानेही काम होऊ शकतं. भाच्याच्या घरी हेच निघालं. त्या मित्राचा तोडगा केला असता तरी आवाज गेला नसता, फायरवॉल तेवढी बंद पडली असती.

डीएमझेडबद्दल इतका राग का, तेही सांगतो. डीएमझेड म्हणजे बाहेरून येणारं न मागवलेलं सगळं एका ठरावीक पत्त्यावर ढकलणं. कन्सोल ते बऱ्यापैकी सोसतो. पण डीएमझेड लावताना पत्ता कायमचा बांधायला लोक विसरतात. चार दिवस कन्सोल बंद राहतो, राउटर तोच पत्ता दुसऱ्याला देऊन टाकतो, आणि सगळा मारा येतो कामाच्या लॅपटॉपवर. कुणाला पत्ताही लागत नाही.

पाहुण्यांचं वायफाय

राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' असेल तर चालू करा आणि भाच्याच्या मित्रांच्या फोनना तेच द्या. मुख्य पासवर्ड बाहेर गेला की तो परत घेता येत नाही; बदलावा लागतो, आणि मग पुन्हा कंट्रोलर हातात. स्मार्ट बल्ब आणि कॅमेरेही तिकडेच ढकला. कन्सोल गेस्टवर ठेवायला हरकत नाही, पण मग फोनवरून कन्सोल खेळणं किंवा घरच्या संगणकावरचे व्हिडिओ त्यावर पाहणं अडतं, कारण गेस्टवरची उपकरणं घरातल्यांना सहसा दिसत नाहीत. मी मुख्य नेटवर्कवरच ठेवला आहे.

खातं

एप्रिल २०११ मध्ये प्लेस्टेशन नेटवर्कमध्ये घुसखोरी झाली, सुमारे ७.७ कोटी खात्यांची माहिती उघडी पडली आणि सेवा तीन आठवड्यांहून जास्त बंद होती. तिथे तुमच्या घरच्या राउटरचा काही इलाज चालत नाही. म्हणून खात्याचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही न वापरलेला ठेवा आणि दुहेरी पडताळणी चालू करा. सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेंडो, तिन्ही कंपन्या ती देतात. घरातल्या मुलासाठी वेगळं मुलाचं खातं काढा आणि खरेदीला पिन लावा.

कन्सोल विकायला किंवा कुणाला द्यायला निघेल तेव्हा त्यात तुमच्या वायफायचा पासवर्ड आणि खातं दोन्ही असतात. आधी खात्यातून त्या कन्सोलची नोंद काढा, मग सेटिंग्जमधून 'फॅक्टरी रीसेट' करा, आणि भाषा निवडायचा पहिला पडदा दिसेपर्यंत प्लग काढू नका.